बावीस हजार जंगल-गटांचा एक महासंघ: नेपाळमध्ये तो चालतो कसा?

सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूतलं संसद भवन पेटलं, पंतप्रधान के. पी. शर्मा ओलींनी राजीनामा दिला आणि आपल्या वाहिन्यांवर दोन-तीन दिवस नेपाळशिवाय दुसरा विषय नव्हता. २००८ मध्ये राजेशाही गेल्यापासून तिथल्या एकाही पंतप्रधानाला पाच वर्षं पुरी करता आलेली नाहीत. त्यामुळे 'तिथं लोकशाही रुजलीच नाही' असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे.

पण त्याच देशात तीस वर्षांपासून एक संघटना आहे. ती गावापासून राजधानीपर्यंत निवडणुका घेते, तिचे अध्यक्ष बदलतात, मुदत संपली की लोक पायउतार होतात आणि प्रत्येक पायरीवर निम्म्या जागा बायकांच्या असतात. ती राजकीय पक्ष नाही, सरकारी खातं नाही, कंपनीही नाही. जंगलातून सरपण, चारा, पातेरा आणि लाकूड आणणाऱ्यांची ती संघटना आहे. पूर्ण नाव सामुदायिक वन उपभोक्ता महासंघ नेपाल. बाहेरच्या जगात तिला 'फेकोफन' म्हणतात, इथं आपण नुसतं महासंघ म्हणू.

एवढी मोठी संघटना लोकशाहीनं चालते म्हणजे नेमकं काय होतं? आणि खरंच चालते का? आपल्याकडे गडचिरोलीत ग्रामसभांचे संघ उभे राहू लागल्यापासून हे प्रश्न आपल्याही जवळ आले आहेत.

आधी गट, मग महासंघ

सगळ्याची सुरुवात गावच्या गटापासून होते. नेपाळमध्ये गावाजवळच्या सरकारी जंगलाचा एक तुकडा, तो वापरणाऱ्या घरांच्या गटाकडे सांभाळायला आणि वापरायला देतात. याला सामुदायिक वन म्हणायचं आणि त्या घरांच्या गटाला उपभोक्ता गट. जमीन सरकारचीच राहते. झाडं, गवत, सरपण यांचा वापर आणि राखण गटाकडे. असे आज सुमारे २२ हजार गट आहेत. त्यांच्याकडे बावीस-तेवीस लाख हेक्टर जंगल आहे आणि त्यांत जवळपास ३० लाख घरं येतात. सरासरी काढली तर एका गटाकडे साधारण शंभर हेक्टर आणि सव्वाशे-दीडशे घरं. नेपाळची लोकसंख्या तीन कोटींच्या आत आहे, हे लक्षात घेतलं की हा आकडा किती मोठा आहे ते कळतं.

गटाकडे दोन कागद असतात. पहिला विधान, म्हणजे गटाची घटना: सभासद कोण, समिती कशी निवडायची, दंड किती. दुसरा कार्ययोजना: कुठल्या भागातून काय, किती आणि कधी काढायचं. कार्ययोजना वन कार्यालय मंजूर करतं आणि काही वर्षांनी ती नव्यानं करावी लागते. सर्वोच्च अधिकार साधारण सभेचा, म्हणजे सगळ्या घरांच्या बैठकीचा. समिती तिच्या हाताखाली.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं? पहाडातल्या बऱ्याच गावांत शेतीची कामं उरकली की हिवाळ्यात काही ठरावीक दिवस जंगल सरपणासाठी उघडतं. वाटेच्या तोंडाशी समितीचा माणूस वही घेऊन बसतो. घरटी एक-दोन माणसं आत जातात, वाळक्या आणि पडलेल्या फांद्या गोळा करतात आणि कपाळावरून पट्टा घेऊन पाठीवर मोळी वाहत परत येतात. एका घराला किती मोळ्या, मोळीमागे किती रुपये, हे आधी सभेत ठरलेलं असतं. वहीत नाव, मोळ्या, पैसे, सही किंवा अंगठा. कुणी जादा मोळी नेली तर ती चारचौघांसमोर पकडली जाते आणि त्यावरून जे भांडण होतं, ते पुढच्या सभेत पुन्हा निघतं. वर्षाच्या शेवटी हीच वही सगळ्यांसमोर वाचायची. महासंघाची लोकशाही समजून घ्यायची तर या वहीपासूनच निघावं लागतं, कारण वरचं सगळं हिच्यावर उभं आहे.

ही व्यवस्था कुणी एका दिवशी कायदा करून आणली नाही. १९५७ मध्ये नेपाळ सरकारनं खासगी जंगलांचं राष्ट्रीयीकरण केलं. कागदावर सगळं सरकारचं झालं, पण डोंगरोडोंगरी राखण करायला सरकारकडे माणसं कुठं होती? जे गाव आपलं म्हणून जंगल राखत होतं, त्यानंही हात काढून घेतला आणि तोड वाढली. १९७० च्या दशकात सिंधुपाल्चोक जिल्ह्यात ठोकर्पा इथं तिथल्या वनाधिकाऱ्यानं गावाला बरोबर घेऊन जंगल उभं करायचा प्रयोग केला. १९७८ च्या नियमांनी जंगल पंचायतींकडे द्यायला सुरुवात केली. पण तेव्हाची पंचायत म्हणजे राजाच्या पक्षविरहित राजवटीचा खालचा हात. जो रोज सरपणाला जातो त्याच्यापर्यंत अधिकार पोचत नव्हता. १९९० मध्ये जनआंदोलनानं ती राजवट गेली आणि १९९३ च्या वन कायद्यानं थेट वापरणाऱ्यांच्या गटाला मान्यता दिली. गट ही स्वतंत्र, स्वायत्त कायदेशीर संस्था झाली. तिचं स्वतःचं खातं, स्वतःचा निधी, स्वतःची सभा.

गट आहेत तर वर आणखी महासंघ कशाला?

आपल्याकडच्या दूध संस्थांचं उदाहरण घेऊ. गावची संस्था दूध गोळा करते, तिच्यावर तालुक्याचा किंवा जिल्ह्याचा संघ, त्यावर राज्याचा महासंघ. गावच्या संस्थेला एकटीला दर ठरवता येत नाही म्हणून वरचे मजले चढवले. नेपाळमधली रचना दिसायला तशीच: गाव, जिल्हा, आता प्रांत, आणि मग देश. मात्र एक फरक मोठा आहे. दूध संघ दूध विकतो आणि पैसा त्याच्या हातातून जातो. वनांचा हा महासंघ लाकूड विकत नाही. गटाचं उत्पन्न गटाच्या खात्यात राहतं. महासंघ गटांच्या वतीनं बोलतो, त्यांना कायदा समजावतो, कोर्टात जातो आणि वेळ पडली तर मोर्चा काढतो. संघाच्या गाडीवर आणि टँकरच्या ठेक्यावर जी भांडणं आपण पाहतो, ती तिथं तेवढी का नाहीत, याचं निम्मं उत्तर इथंच आहे.

बोलायला कुणी हवं, ही गरज लवकर जाणवली. कायदा गटांच्या बाजूचा होता, पण तो राबवणारा वनाधिकारी. कार्ययोजना मंजूर तोच करणार, नूतनीकरण अडवणारही तोच. दीडशे घरांच्या गटानं जिल्ह्याच्या साहेबांशी एकट्यानं भांडायचं म्हणजे पुढच्या वर्षीची मंजुरी पणाला लावायची. १९९३ मध्ये पूर्व नेपाळात धनकुटा इथं वेगवेगळ्या जिल्ह्यांतले वन-उपभोक्ते एकत्र बसले आणि आपली अडचण सगळीकडे एकच आहे हे त्यांच्या लक्षात आलं. १९९५ मध्ये महासंघ स्थापन झाला. त्यात सामील व्हायची कायद्यानं सक्ती नाही. गट सभासद फी भरून आपणहून येतो, आणि बहुतेक गट आले आहेत.

महासंघाचा कस लागला तो तराईत. तराई म्हणजे बिहार-उत्तर प्रदेशाला लागून असलेला सपाट पट्टा. पहाडात जंगल म्हणजे चारा आणि सरपण, तराईत जंगल म्हणजे साल आणि खैर, म्हणजे रोख पैसा. पहाडातलं उजाड जंगल लोकांना द्यायला सरकारचा हात सैल होता. तराईतलं भरलेलं जंगल देताना तो आखडला. २००० मध्ये सरकारनं ठरवलं की तराईतली मोठी जंगलं गटांना न देता सरकार, स्थानिक संस्था आणि लोक अशा भागीदारीत चालवायची. पाठोपाठ गटानं साल किंवा खैराचं लाकूड बाहेर विकलं तर उत्पन्नातले ४० टक्के सरकारला, असं फर्मान आलं. महासंघ रस्त्यावर उतरला आणि सर्वोच्च न्यायालयातही गेला. पुढं हा वाटा १५ टक्क्यांवर आला. एकेकट्या गटाला हे जमलं असतं असं मला वाटत नाही.

प्रतिनिधी निवडतात कसे?

जिना सरळ आहे. गटाची साधारण सभा प्रतिनिधी पाठवते, प्रतिनिधींची जिल्हा सभा जिल्हा समिती निवडते, जिल्ह्यांतून आलेले प्रतिनिधी राष्ट्रीय सभेत राष्ट्रीय समिती निवडतात. नेपाळचे ७७ जिल्हे आहेत, म्हणजे सरासरीनं एका जिल्ह्यात पावणेतीनशेच्या पुढं गट पडतात. अलीकडची नेतृत्वं साधारण चार-चार वर्षांनी बदललेली दिसतात. २०१० मध्ये अप्सरा चापागाईं महासंघाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. २०१४ मध्ये गणेश कार्की आले, २०१८ मध्ये भारती पाठक. पायउतार झालेला माणूस पुन्हा आपल्या जिल्ह्यात दिसतो, ही गोष्ट दक्षिण आशियातल्या संघटनांत वाटते तेवढी साधी नाही.

महासंघाच्या विधानात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते कलम बायकांचं. प्रत्येक पातळीच्या समितीत निम्म्या बायका हव्यात, एवढंच ते म्हणत नाही; पदंही वाटून घ्यावी लागतात. अध्यक्ष आणि सरचिटणीस या दोन पदांपैकी एक बाईकडे असायलाच हवं. नुसत्या निम्म्या जागा दिल्या की काय होतं ते आपण पंचायतींत पाहिलंय: बाई सभासद, कारभार नवऱ्याचा. सरचिटणीसपद बाईकडे गेलं की इतिवृत्त तिला लिहावं लागतं, सभेची नोटीस तिच्या सहीनं निघते, पत्रव्यवहार तिच्या टेबलावरून जातो. सहीसाठी तिच्याकडे यावंच लागतं. सुरुवातीला पुष्कळ ठिकाणी नवरा किंवा दीरच इतिवृत्त लिहून द्यायचा आणि ती खाली सही करायची. पण पदाचं काम रोजचं असेल तर ते रोज दुसऱ्याकडून करून घेणं अवघड जातं. हळूहळू वही तिच्या हातात आली.

हाच विचार पुढं सरकारच्या मार्गदर्शक सूचनांतही उतरला: गटाच्या समितीत निम्म्या बायका, आणि सभासद म्हणून घरातल्या एका पुरुषाचं आणि एका स्त्रीचं अशी दोघांची नावं. यातला दुसरा बदल लहान दिसतो, पण त्याचं वजन मोठं. सभासद 'घर' असेल तर सभेला घरातला कर्ता पुरुष जातो. सरपणाची मोळी वाहणारी बाई मात्र घरीच राहते. दोन नावं असली की तिला स्वतःच्या हक्कानं सभेत बसता येतं.

पण निवडून तर पक्षाचेच लोक येतात ना?

येतात. हा आक्षेप खरा आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. महासंघ पक्षविरहित म्हणवतो, पण राष्ट्रीय सभा जवळ आली की नेपाळी काँग्रेस, एमाले (ओलींचा कम्युनिस्ट पक्ष), माओवादी अशा गोटांची पॅनेलं उभी राहतात. कुणाला अध्यक्ष, कुणाला सरचिटणीस, याची बोलणी सभेच्या आधीच सुरू होतात. नेपाळमध्ये शिक्षक, विद्यार्थी, वकील, पत्रकार, सगळ्यांच्या संघटनांत हेच चित्र आहे, तर वनवाले अपवाद कसे असणार? आपल्याकडच्या दूध संघाच्या निवडणुकीत कुठलं पॅनेल कुठल्या साहेबांचं हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तसंच.

पक्ष आले म्हणून लोकशाही बुडाली, असं मात्र मला वाटत नाही. सगळ्या पक्षांचे लोक आत असल्यामुळे महासंघाला प्रत्येक पक्षात कान मिळाले. संसदेत गटांच्या विरोधात दुरुस्ती आली, तर ती अडवायला दोन्ही बाकांवर ओळखीची माणसं सापडायची. माझी हरकत दुसऱ्याच गोष्टीवर आहे. पॅनेलं आपसांत सहमती करतात आणि पदांची यादी तयार होऊनच सभेत येते. लढत झाली तर प्रतिनिधीला निदान दोघांतला एक निवडता येतो. सहमतीच्या यादीला त्यानं टाळ्याच वाजवायच्या. आणि कुठल्याही पक्षात नसलेली, पण वीस वर्षं गटाचा कारभार चोख ठेवलेली बाई त्या यादीत कुठून येणार? महासंघावर मनापासून माया असलेली माणसंही हीच तक्रार करतात.

जिन्याचा आणखी एक तोटा सांगून पुढं जाऊ. गटाच्या सभेत चर्चा असते गवत, सरपण, वाट, दंड यांची. राष्ट्रीय पातळीवर चर्चा असते कार्बनची, हवामान परिषदांची, कायद्याच्या मसुद्याची. दोन्ही गरजेच्या आहेत. पण तीन पायऱ्या चढून वर गेलेला माणूस काठमांडूत बसून कार्बनबद्दल काय बोलला, हे खालच्या सभेला कळतं कधी? कळलं तरी त्याबद्दल त्याला जाब कुणी विचारायचा? गटाच्या सभेनं त्याला थेट निवडलेलंच नसतं.

गावातले बडेच गट बळकावतात, त्याचं काय?

इथं थोडं थांबायला हवं, कारण महासंघ कितीही नेटका चालला तरी खालची सभा बिघडली असेल तर वरच्या निवडणुकीला अर्थ राहत नाही.

नेपाळच्या पहाडात कामी नावाचा समाज आहे. लोहारकाम करणारा आणि जातिव्यवस्थेत अस्पृश्य ठरवला गेलेला. कोयते, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ सगळ्या गावाला तोच करून देतो, आणि त्याच्या भात्याला लागतो लाकडी कोळसा. सामुदायिक वन झालं की समितीची पहिली भावना असते जंगल वाचवण्याची. मग काही वर्षं जंगल बंद, चराई बंद, कोळसा पाडणं बंद. समितीत बाहुन, छेत्री अशा वरच्या जातींचे लोक, जमीनवाले. त्यांच्या बांधावर झाडं असतात, चारा घरचा असतो, त्यांचं अडत नाही. अडतं शेळ्या राखणाऱ्याचं आणि कामीचं. ठराव मंजूर होतो, कदाचित एकमतानं, कारण कामीघरचा माणूस सभेत मागं बसलेला असतो आणि बोललाच तरी त्याचा शब्द इतिवृत्तात येत नाही. जंगल वाढतं, भाता थंड होतो. असे दाखले अभ्यासकांनी अनेक जिल्ह्यांतून नोंदवले आहेत.

यावर उपाय म्हणून दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे घरांची आर्थिक वर्गवारी. सभेतच बसून गावकरी ठरवतात की कुठलं घर सुखवस्तू, कुठलं मध्यम, कुठलं गरीब, कुठलं अतिगरीब. निकषही तेच ठरवतात: जमीन किती महिने पुरते, घरात कमावता कोण, छप्पर कसलं. मग अतिगरीब घरांना सरपण फुकट किंवा कमी दरात, किंवा जंगलातला एखादा तुकडा वेलची, अम्रिसो यांसारखी पिकं घ्यायला. अम्रिसो म्हणजे ज्याच्या तुऱ्यांच्या केरसुण्या होतात ते गवत. दुसरी गोष्ट पैशाच्या वाटपाची. २०१९ च्या वन कायद्यानुसार गटाच्या उत्पन्नातला किमान २५ टक्के भाग जंगलावर खर्च करायचा आणि उरलेल्यातला किमान निम्मा गरिबी कमी करण्यावर, महिला सक्षमीकरणावर आणि उद्योगांवर.

आता कुणी म्हणेल, कायद्यात लिहिलं म्हणून होतं का? सगळीकडे होत नाही. बरेच गट अजूनही रस्ता, शाळेची इमारत, देऊळ यांवर पैसा घालतात, कारण ते सगळ्यांना दिसतं आणि त्यावर भांडण होत नाही. पण नियम लिहिलेला असला की मागच्या रांगेतल्या माणसाला बोट ठेवायला जागा मिळते. महासंघाचा जिल्हा कार्यकर्ता अशा वेळी उपयोगी पडतो. तो गावचा नसतो, त्यामुळे त्याला सावकाराची भीड नसते.

महासंघाला पैसा कोण देतं?

सभासद फी थोडी. उरलेला मोठा भाग परदेशी मदतीच्या प्रकल्पांतून. नेपाळच्या सामुदायिक वनांमागे ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, स्वित्झर्लंड, अमेरिका अशा देशांचा पैसा दीर्घकाळ होता, आणि महासंघही त्याच ओघात वाढला. कार्यालय, गाड्या, प्रशिक्षणं त्यातूनच. २००९ ते २०१३ या काळात चितवन, गोरखा आणि दोलखा जिल्ह्यांतल्या तीन पाणलोटांत एक प्रयोग झाला: जंगलानं शोषलेल्या कार्बनसाठी गटांना पैसे द्यायचे. नॉर्वेची मदत होती, आणि राबवणाऱ्यांत महासंघही होता. झाडाबरोबरच बायका, दलित, आदिवासी आणि गरीब घरांची संख्या धरून वाटप ठरवलं, ही त्यातली चांगली कल्पना.

धोका उघड आहे. जो पैसा देतो त्याचा विषय महत्त्वाचा होतो. एका दशकात सुशासन, पुढच्या दशकात हवामानबदल. फी भरणारा सभासद थोडी रक्कम देतो म्हणून त्याचं म्हणणंही थोडंच ऐकायचं, ही सवय कुठल्याही महासंघाला लागू शकते. मोर्चा काढायचा असतो तेव्हा मात्र लागतात ते सभासदच, आणि ही गोष्ट महासंघाला वेळोवेळी जमिनीवर आणते.

आता निवडलेली स्थानिक सरकारं आहेत, मग महासंघ हवा कशाला?

हा आक्षेप नवा आहे आणि माझ्या मते सगळ्यात वजनदार. थोडं मागं जाऊ. १९९६ ते २००६ नेपाळमध्ये माओवादी युद्ध चाललं. १९९७ नंतर गावांत स्थानिक निवडणुकाच झाल्या नाहीत, २००२ मध्ये गावांच्या आणि जिल्ह्यांच्या निर्वाचित समित्यांची मुदत संपली आणि २०१७ पर्यंत सरकारी बाबूच कारभार पाहत राहिले. या पंधरा वर्षांत असंख्य गावांत लोकांनी निवडलेली एकच संस्था शिल्लक होती, ती म्हणजे वन उपभोक्ता गट. एका बाजूला सैन्य जंगलात जाऊ देत नव्हतं, दुसऱ्या बाजूला माओवादी कर मागत होते, तरीही पुष्कळ गटांनी सभा घेतल्या आणि समित्या बदलल्या. राजा ज्ञानेंद्रनं २००५ मध्ये सत्ता हातात घेतल्यावर महासंघ लोकशाहीच्या आंदोलनात उतरला, तो याच बळावर.

२०१५ च्या संविधानानं चित्र बदललं. ७५३ पालिका आल्या, २०१७ मध्ये त्यांच्या निवडणुका झाल्या आणि महापौर विचारू लागले: आम्हाला सगळ्या मतदारांनी निवडलंय, तुम्हाला कुणी निवडलं? जंगल आमच्या हद्दीत, उत्पन्नात आमचाही वाटा हवा. प्रांतांचंही म्हणणं तेच. महासंघाचं उत्तर असं की वन वापरणारा आणि मतदार एक नव्हे. पालिकेत बाजारपेठेतला दुकानदारही मत देतो आणि डोंगरावरच्या वस्तीला तिथं चार-दोन मतं. त्या डोंगराच्या उताराचं काय करायचं हे दुकानदाराच्या मतानं ठरलं तर जंगल लिलावात जायला वेळ लागणार नाही.

हे उत्तर मला पटतं, पण पूर्ण नाही. शहराजवळच्या जंगलाचं पाणी शहरही पितं, मग शहराला काहीच म्हणणं नसावं का? आणि गटाच्या यादीत नसलेले लोक, नव्यानं वस्तीला आलेले, भूमिहीन, ऋतूप्रमाणे फिरणारे पशुपालक, यांच्या वतीनं महासंघ बोलत नाही. त्यांच्यासाठी पालिका किंवा दुसरी कुणी संघटना लागतेच. आदिवासी जनजातींच्या संघटना आणि 'हिमवन्ती'सारखं महिलांचं जाळं याच कारणानं वेगळं बोलत राहतात.

जंगल वाढलं का?

वाढलं. उपग्रहांच्या चित्रांवरून झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार नेपाळचं वनाच्छादन १९९२ मधल्या सुमारे २६ टक्क्यांवरून २०१६ पर्यंत सुमारे ४५ टक्क्यांवर गेलं. सामुदायिक वनांचा त्यात मोठा हात आहे. पण लाखो तरुण आखातात आणि मलेशियात कामाला गेले, शेतं पडीक राहिली, गॅस आला, यांचाही हात आहे. महासंघाची भाषणं ऐकताना हा दुसरा भाग जरा हळू आवाजात येतो.

आणि गडचिरोली?

आपल्याकडे कायदा वेगळा. २००६ च्या वनहक्क कायद्यानं सामूहिक वनहक्क ग्रामसभेला मिळतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला ते २००९ मध्ये मिळाले आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. आज एकट्या गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांकडे असे हक्क आहेत. ग्रामसभेत गावचे सगळे प्रौढ येतात, म्हणजे यादीबाहेर राहण्याचा नेपाळमधला प्रश्न इथं बऱ्याच अंशी सुटतो.

पण एकटी ग्रामसभा तेंदूपत्त्याच्या ठेकेदारापुढं कमी पडते. मग ग्रामसभा एकत्र येऊन लिलाव करू लागल्या. कोरची तालुक्यात सुमारे ९० ग्रामसभांची महाग्रामसभा उभी राहिली, आणि प्रत्येक ग्रामसभेनं तिथं दोन बायका आणि दोन पुरुष पाठवायचे असं ठरलं. नेपाळनं जे समितीच्या पदांत केलं, ते इथं प्रतिनिधी पाठवतानाच केलंय. चारातली दोन माणसं बायका असतील तर सभेला जाणाऱ्या जीपमध्येच त्या एकट्या पडत नाहीत.

फरक पैशाचा. आपल्या ग्रामसभांचे संघ लिलावाच्या व्यवहारात उतरतात, ठेकेदाराशी करार करतात, हंगामात मोठ्या रकमा फिरतात. नेपाळचा महासंघ यापासून लांब राहिला. शिवाय वनहक्क कायद्यात ग्रामसभांच्या संघाबद्दल एक ओळही नाही. त्यामुळे त्याची मुदत किती, हिशेब कुणापुढं ठेवायचा, पाठवलेला प्रतिनिधी ग्रामसभेला मध्येच परत बोलावता येईल का, हे ज्या त्या तालुक्यानं आपापल्या नियमांत लिहून घ्यायचं आहे. तेंदूचा हंगाम उन्हाळ्यात येतो आणि करार त्याआधी होतात. नियम लिहायचे तर ते करारावर पहिली सही होण्याआधी.